कानवाला कागद

बानं भाकरीबरोबरचा कांदा खायचं सोडलं, हे आधी मायच्या लक्षात आलं. मी तेव्हा हैदराबादला कॉलेजात शिकत होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्ण्याला गाडी बदलून हिंगोलीला घरी आलो होतो. बा बुक्कीनं कांदा फोडायचा, त्यातला गाभा माझ्या ताटात टाकायचा आणि उरलेला कचाकचा चावायचा. हा माझ्या लहानपणापासूनचा जेवणाचा आवाज. त्या दिवशी कांदा फुटला, गाभा माझ्या ताटात आला, पण पुढचा आवाज आला नाही. बानं भाकरीचा कडक काठ गुपचूप मोडून बाजूला ठेवला आणि मधला मऊ भाग अंबाडीच्या भाजीत कालवून गिळला.

"दाढ दुखून राहिली का?" माय म्हणाली.

"न्हाई."

"मग कांदा काहून ठेवला?"

"उन्हाळ्यात नको वाटते."

"उन्हाळ्यातच तं खातेत कांदा."

  मायनं तव्यावरची भाकरी जरा जोरातच उलटली.

दुसऱ्या एखाद्या घरात दात हलणं म्हणजे लवंग दाबून धरायची गोष्ट असेल. आमच्याकडं तसं नव्हतं. बा बँडमध्ये पहिलं कॉर्नेट, म्हणजे आखूड बिगुलासारखं पितळी वाद्य, वाजवायचा. कॉर्नेट ओठानं वाजतं असं बघणाऱ्याला वाटतं, पण ते खरं दातावर उभं असतं. त्याची ओठाला लावायची वाटी लहान, बोराएवढी. ती बरोबर वरच्या पुढच्या दातांवर टेकते, मध्ये फक्त ओठाचं कातडं. दात हलला की आवाज हलतो. बाचा वरचा दात हलत होता आणि लग्नसराई तोंडावर होती. त्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, मायलासुद्धा नाही.

आमचं घर मांगवाड्यात, जुन्या छावणीच्या पडक्या तबेल्यांच्या अंगाला. गोऱ्यांची छावणी माझ्या जन्माआधीच उठून गेलेली. जाताना ती चिंचेच्या झाडांची एक रांग आणि इब्राहिम मास्तर मागं ठेवून गेली. मास्तर छावणीच्या बँडात कॉर्नेट वाजवायचे. छावणी उठली तेव्हा त्यांनी पोचे पडलेली वाद्यं आणि कागदांची एक लोखंडी पेटी मागून घेतली, आणि आमच्या वस्तीतल्या सनई-डफ वाजवणाऱ्या माणसांना हाताशी धरून लग्नाचा बँड उभा केला. मला उर्दू अक्षरं त्यांनीच शिकवली, म्हणून मी शाळेत टिकलो आणि पुढं कॉलेजपर्यंत गेलो. आमच्या वस्तीतून तोवर कुणी गेलं नव्हतं. हे मी मिरवायला लिहीत नाही. कॉलेजात मी कायम मागच्या बाकावर, कुणी विचारलंच तर बोलायचं असा होतो.

घरातले आवाज आता आठवतात तेव्हा आधी पितळ घासण्याचा आवाज येतो. लग्नाच्या आदल्या दिवशी माय चिंच आणि राख घेऊन बसायची, अंगणभर आंबूस वास सुटायचा, आणि मग चिंचेखाली तालीम सुरू व्हायची. त्या तालमीत मला लहानपणी एक कोडं पडायचं. मास्तर म्हणायचे, "सा लगाव." बा कॉर्नेटच्या तीन खटक्यांपैकी एकही न दाबता सा लावायचा. शेजारी आल्टोवाले, म्हणजे जरा मोठं पितळ धरणारे, तुकाराममामा, तेही एकही खटका न दाबता सा लावायचे. पण दोघांचे आवाज वेगळे निघायचे. मी एकदा बाला विचारलं, "यातला खरा सा कोणता?"

"त्याच्या नळीचा त्याचा खरा, माझ्या नळीचा माझा."

"मग भांडण न्हाई व्हत?"

"कागद असतेत ना. भांडण मिटवूनच लिवलेले."

बराच मोठा झाल्यावर मला ते कळलं. कॉर्नेटचा सा बाजाच्या पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर, काळी पाचवर, बसतो आणि आल्टोचा काळी दोनवर. दोघांमधून एकच स्वर बाहेर यायचा असेल तर बाच्या कागदावर सा लिहिलेला असतो तिथं मामांच्या कागदावर प लिहिलेला असतो. वाजवणाऱ्यानं त्याची काळजी करायची नाही; आपल्या कागदावर आपला सा धरून चालायचं. नर्सी गावच्या भजनात पेटीवाला गाणाऱ्याला "कितीत गाता?" असं विचारतो ना, तसंच. सा उचलून दुसरीकडं ठेवायची आमच्या लोकांना सवयच असते.

कागदावर पाच रेघा, त्यांच्यावर आणि त्यांच्यामध्ये गोल गोल दाणे. पण कोणत्या रेघेवर कोणता स्वर राहतो हे रेघा सांगत नाहीत. ते सुरुवातीला काढलेली एक खूण सांगते. आमच्या सगळ्या कागदांवर वेटोळ्याची खूण असायची. तिला बँडात जिलेबी म्हणत. जिलेबीच्या पुढं कधी कधी कोमलच्या खुणा असत, नीवर एखादी, गवर एखादी. तिथं खूण असली की आख्ख्या कागदात तो स्वर उतरवून वाजवायचा. मास्तर त्याला "दरवाजे का हुकूम" म्हणायचे, आणि तो विसरणाऱ्याच्या बोटांवर त्यांची वेताची काडी बसायची. बाच्या बोटांवर ती इतक्या वेळा बसली होती की दाराचा हुकूम त्याच्या अंगातच गेला होता.

मास्तरांचा जीव एका मार्चवर होता. आम्ही त्याला छावणीचा मार्च म्हणायचो. सुरुवात जोरकस, शेवट जोरकस, पण मधे एक विचित्र भाग यायचा: तिथं कॉर्नेटवाले नुसतं चक-चक, चक-चक करायचे, आल्टोवाले पण चक-चक, आणि गाणं कुठंच नसायचं. लग्नातले लोक त्या वेळात फेटे नीट करून घ्यायचे. आम्हाला वाटायचं, मार्च असाच असतो. एकदा मास्तरच म्हणाले, "यहाँ बड़ा बाजा गाता था." बडा बाजा म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं जाडजूड पितळ, युफोनियम, ते मास्तरांच्या घरात माळ्यावर पडून होतं. ते वाजवणारा मद्रासी छावणीबरोबर निघून गेला होता. त्याचा कागद लोखंडी पेटीत होता, पण त्याच्यावर जिलेबी नव्हती. तिथं माणसाच्या कानासारखी खूण होती, समोर कुड्यांसारखे दोन ठिपके. हा कानवाला कागद बँडात कुणालाच वाचता येत नसे, मास्तरांनाही नाही. "वो पीछे की बेंच का था," ते म्हणायचे, "हमारी बेंच जलेबी की." आणि ते गाणं त्यांना गाऊनही दाखवता यायचं नाही, कारण ते वाजत असताना ते स्वतः चक-चक मोजण्यात गुंतलेले असत. "अच्छा था, इत्ता याद है," एवढंच.

बाचा दात अखेर बाजारपेठेत, एका वरातीच्या मध्यावर पडला. मी बँडाच्या मागून चालत होतो. कॉर्नेटचा आवाज एकदम फाटला, दोन पावलं थांबला आणि मग बारीक होऊन पुन्हा लागला. मांडवाच्या दारापर्यंत बा तोंडाच्या एका कोपऱ्यातून वाजवत गेला. त्याचा पुतण्या दगडू दुसरं कॉर्नेट वाजवायचा. त्यानं न सांगता मोठ्यानं वाजवून बाचा आवाज झाकला. हे दगडूच्या बाजूनं सांगायला हवं, कारण पुढं तो बराच खवचटपणे बोलला.

दुसऱ्या दिवशी मास्तर घरी आले. हातात फडक्यात गुंडाळलेल्या झांजा होत्या. मायनं त्यांना घोंगडं अंथरून दिलं. ते बसले, झांजा मांडीवर घेऊन.

"किसन, कारनेट अब दगडू बजाएगा."

"व्हय मास्तर."

"तू झांज ले. घर का आदमी है, तेरेकू बाहर थोड़ीच करतूं?"

बानं झांजांकडं बघितलं. बँडात झांज कुणाला देतात हे सगळ्यांना माहीत होतं: ज्याला सूर नाही त्याला. बानं हयातभर सगळ्यांच्या पुढं राहून गाणं ओढलं होतं. तो म्हणाला, "मास्तर, माळ्यावरचा बडा बाजा द्या. त्याची वाटी मोठी हाय, दाताच्या भाईर बसंल. खटके तेच हायेत, तीन."

"खटके वही हैं रे. कागद? कान का कागद कौन पढ़ेगा? तू पढ़ेगा?"

"ह्यो वाचंल ना," बा म्हणाला आणि त्यानं माझ्याकडं बोट केलं. "कॉलेजात हाय."

कॉलेजात असं काही शिकवत नाहीत, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण बानं ज्या खात्रीनं बोट केलं ते बघून मी ते तिथंच गिळलं. मास्तर हसले. म्हणाले, बाजा आणि कागद न्या, आखाडा बाळापूरच्या लग्नापर्यंत बघा. तोवर बसलं तर बसलं, नाहीतर बाळापूरला किसन झांज वाजवील. जाताना झांजा त्यांनी आमच्याच घरी ठेवल्या. मायनं त्या आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधल्या, वर घट्ट गाठ मारली आणि खुंटीला टांगल्या. संध्याकाळी दगडू आला, खुंटीकडं बघून म्हणाला, "काका, झांज बी वाईट न्हाई. दात लागत न्हाईत."

"तुला अक्कल लागत न्हाई तसं," माय चुलीपासूनच म्हणाली.

मी अगदीच रिकाम्या हातानं आलो होतो असंही नाही. हैदराबादला वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत डेव्हिड नावाचा ख्रिस्ती मुलगा राहायचा. तो रविवारी चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवायचा. नवा नवा गेलो होतो तेव्हा एकदा त्याचं पुस्तक उघडं पडलेलं दिसलं आणि त्यात जिलेबी दिसली. घरापासून इतक्या लांब, जिथं माझी भाषासुद्धा कुणी बोलत नव्हतं, तिथं ती ओळखीची खूण बघून माझे डोळे भरून आले. का, ते मी त्याला सांगू शकलो नाही. त्याला वाटलं मला शिकायचंय. त्यानं सांगितलं, उजव्या हाताचं वर लिहितात, तिथं ही खूण. डाव्या हाताचं खाली लिहितात, तिथं कानाची. कानासमोरचे दोन ठिपके ज्या रेघेला कवेत घेतात ती पेटीची पांढरी चार. तिथून उतरत यायचं. एवढंच माझं ज्ञान, आणि तेही ऐकीव.

पहाटे बा आणि मी कयाधूच्या पात्रात जायचो. उन्हाळ्यात नदी कोरडी, एका कडेला झऱ्याएवढं पाणी. बा वाळूत मांडी घालून बसायचा, बडा बाजा कवेत घेऊन. मी समोर कागद धरून. ठिपक्यांच्या रेघेवरून मी खाली मोजत आलो: खालून दुसरी रेघ निघाली पेटीची पांढरी सात. तिच्यावर दारातच कोमलची खूण होती. पांढरी सात उतरवली की काळी पाच. आणि काळी पाच म्हणजे बाचा सा, कारण कॉर्नेटसारखाच बड्या बाजाचाही सा काळी पाचचाच, फक्त खालच्या सप्तकातला. मी वाळूतच उडी मारली. जिलेबीच्या कागदावर बाचा सा पाचही रेघांच्या खाली, एका तोकड्या रेघेवर राहतो. इथं तो खालून दुसऱ्या रेघेवर राहत होता. म्हणजे कागदावरचा प्रत्येक दाणा दोन रेघा खाली सरकवायचा आणि जिलेबी आहे असं समजून वाचायचा. मग बोटं सगळी जुनीच.

"दोन पायऱ्या उतरून घरात शिरायचं," बा म्हणाला.

त्याला ते माझ्याआधी साधलं. दोन-तीन सकाळी तो अडखळला, नंतर डोळे आपोआप उतरायला लागले. दारात कोमलच्या दोन खुणा होत्या, एक दुसऱ्या रेघेवर, एक रेघांमधल्या तिसऱ्या घरात. त्या त्यानं इमानानं पाळल्या. दोन पायऱ्या उतरल्यावर त्या सावर आणि मवर येत होत्या, म्हणून तो दोन्ही स्वर उतरवून वाजवत होता. मला ते गाणं जरा चमत्कारिक वाटलं. बालाही वाटलं असावं, कारण एकदा तो मधेच थांबून म्हणाला, "गोऱ्याचं गाणं हाय. त्याच्या मनानं चालायचं." मी मान हलवली. ते गाणं खरं कसं आहे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. ऐकलेलं कुणी गावात असेल तर एकटे मास्तर, आणि त्यांनाही ते आठवत नव्हतं.

चिंचेखाली तालीम झाली. बडा बाजा बघायला वस्तीतले लोक जमले होते. मार्च सुरू झाला, जोरकस भाग संपला, चक-चक सुरू झाली आणि बानं तोंड लावलं. पहिल्या काही स्वरांना मास्तरांचा चेहरा उजळला. मग सा आला, उतरवलेला, आणि सगळ्या चक-चकीला तो असा घासला की चिंचेखाली झोपलेलं कुत्रंसुद्धा उठून गेलं. बा थांबला नाही. पुन्हा सा आला, पुन्हा तसाच. मास्तरांनी काडी वर केली.

"बंद! किसन, शादी है रे बाबा. मय्यत नै."

लोक हसले. दगडू सगळ्यात जास्त हसला. बानं कागद पुढं केला, "मास्तर, दरवाजे का हुकूम हाय. बघा, दोन कोमल." मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "हुकूम तो है," ते हळूच म्हणाले, आणि मग आपला जिलेबीचा कागद बघून, "मेरे दरवाजे पे तो कुछ नै." पण त्याचा अर्थ त्यांनाही लागला नाही. कागद परत देताना ते बाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाने दे. परसों बाळापूरकू झांज लेके आ."

घरी आल्यावर बा ओट्यावर बसला आणि कागद समोर घेऊन नुसता बघत राहिला. ऊन कललं होतं. माय भाकरी थापत होती. मी त्याच्याजवळ बसून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो, चूक कुठं आहे ते सापडेना. अखेर मी म्हणालो, "बा, तू तोंडानं म्हण बरं, कागदावर काय हाय ते." बा म्हणायला लागला. प, ध, प, म कोमल, ग, सा कोमल...

थापण्याचा आवाज थांबला.

"काय म्हणलं?" माय म्हणाली.

"सा कोमल."

माय इतकी हसली की पिठाचा हात तिनं कपाळाला लावला. माय पुसेगावच्या सनईवाल्यांची लेक. तिचा बाप स्वतः सनई वाजवत नसे. तो मुख्य सनईवाल्याच्या मागं बसून एका साध्या नळीवर एकच सूर धरायचा, पंगती उठेपर्यंत, गाल फुगवून.

"माझ्या बापानं जलमभर सा धरला," ती म्हणाली. "तो जरा बी हालला असता तं सनईवाल्यानं त्याला तिथंच बडवला असता. अन् तुमी सा कोमल करून राहिले! सा उतरला तं बाकीच्यांनी उभं कुठं ऱ्हायचं वो?"

"कागदावर हाय," बा चिडून म्हणाला. "म्या माझ्या मनानं न्हाई केला."

"मग कागद दुसऱ्या कुणाच्या सावरून बोलत असंल."

हे वाक्य तिनं सहज टाकलं आणि ती पुन्हा भाकरीकडं वळली. मी मात्र जागच्या जागी थबकलो. आजवरच्या आमच्या कागदांवर कोमलची खूण नीवर आली, गवर आली, कधी धवर आली. सावर आणि मवर कधीच आली नव्हती, कारण तिथं ती येतच नसते. आणि मग दिसलं. ती खूण पेटीच्या हिशेबानं बोलत होती. पांढरी सात उतरव, काळी पाच घे, असं ती सांगत होती. आणि काळी पाचवर तर आम्ही तिचंच ऐकून पोचलो होतो. तीच बाचा सा होती. ती मोजून झाल्यावर बा पुन्हा एकदा उतरत होता. दुसऱ्या खुणेचंही तसंच. बाच्या हिशेबानं त्याचं दार दगडूच्या दारासारखंच मोकळं होतं.

मी ते घाईघाईनं सांगितलं, मला वाटतं नीट सांगता आलं नाही. बानं मान हलवली. "मास्तर म्हणतेत, दाराचा हुकूम सोडायचा न्हाई."

"सोडला न्हाई बा. तो आपण पयलेच पाळला. एकच हुकूम दोनदा पाळून राहिलो."

 बानं बडा बाजा उचलून मांडीवर घेतला आणि दोन पायऱ्या उतरून, सा जागेवर ठेवून, हळू वाजवलं. पहिल्या ओळीनंतर तो थांबला, थुंकी झटकली, पुन्हा पहिल्यापासून घेतलं आणि शेवटपर्यंत गेला. काय होतं ते मला सांगता येणार नाही. थंडीच्या दिवसांत शेजारी झोपलेलं मोठं माणूस पांघरुणाखालून हळू बोलतं, तसा काहीसा तो आवाज होता. तव्यावरची भाकरी करपली. मायनं ती मला वाढली आणि मी ती खाल्ली.

मास्तरांना सांगायला बा गेला नाही. "पुन्हा हसतील," म्हणाला. मला वाटतं त्याला भीती वाटत होती की अजूनही काही चुकलेलं असेल. सर्व्हिस मोटारीच्या टपावर वाद्यं बांधून आम्ही कळमनुरीवरून बाळापूरला गेलो. बानं बडा बाजाही घेतला आणि मायनं बांधलेलं झांजांचं गाठोडंही घेतलं. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवाला वाजवत न्यायचं होतं. सगळे रांगेत उभे राहिले तेव्हा बा बडा बाजा कवेत घेऊन मागच्या रांगेत उभा राहिला. गाठोडं माझ्या हातात होतं.

मास्तर त्याच्यापाशी आले. "किसन?"

"मास्तर, एक बार. चुकलं तं पुढच्या वळणावर झांज घेतो."

"सब गाँव के सामने?"

"चूक तं दगडूसमोर झालीच की. गाव काय त्याच्यापेक्षा हसणार हाय?"

मास्तरांनी बड्या बाजाकडं बघितलं. आज मला वाटतं, त्या क्षणी ते बँडमास्तर म्हणून विचार करत नव्हते. चिंचेखालच्या त्या पहिल्या काही स्वरांत त्यांना काहीतरी ओळखीचं सापडलं होतं आणि तेच त्यांच्या मनातून जात नव्हतं. ते म्हणाले, "हौ," आणि पुढं जाऊन काडी उचलली.

मार्च सुरू झाला. मास्तर नेहमीप्रमाणं बँडाकडं तोंड करून मागं मागं चालत होते, त्यांच्यामागं मोकळी वाट, बँडाच्या मागं घोडा, घोड्यावर नवरदेव. जोरकस भाग संपला. चक-चक सुरू झाली. बायका पदर सावरू लागल्या, पुरुष फेटे. आणि मागच्या रांगेतून बड्या बाजाचा आवाज निघाला. तो फार मोठा नव्हता, पण इतकी वर्षं जी चक-चक नुसती रिकामी चालत होती, तिच्यामध्ये तो जाऊन बसला, आणि पहिला सा आला तेव्हा तो सगळ्यांच्या खाली जमीन असावी तसा आला. तुकाराममामांनी वाजवता वाजवता मान वळवून मागं बघितलं. दगडू चक-चक चुकला, आणि मग लगेच सावरून हळू वाजवायला लागला, बाचा आवाज वर राहावा म्हणून.

मास्तर चालायचे थांबले. ते थांबले म्हणून पहिली रांग थांबली, मग दुसरी, मग घोडा. त्यांची काडी चालत होती, पण पाय चालत नव्हते. गाणं संपलं, आता जोरकस शेवट घ्यायचा, दगडूनं श्वास भरला, आणि मास्तरांनी डाव्या हातानं थांबवलं. "फिर से," ते म्हणाले. "बीच का, फिर से."

पुन्हा चक-चक, पुन्हा बडा बाजा, तिथंच उभ्या उभ्या. नवरदेवाचा मामा पुढं धावत आला. "अहो मास्तर, मुहूर्त टळून राहिला! चाला ना!"

"मामा," मास्तर काडी न थांबवता म्हणाले, "ये गाना कब से रुका है. तुमारा नवरदेव जरा रुकता नै?"

 घोड्यावरून नवरदेवच म्हणाला, "वाजू द्या मामा, बरं लागून राहिलं."  दुसऱ्या खेपेला मी मास्तरांकडं बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते. ते गाणं पाठ करत होते की मोजण्याची जुनी सवय होती, कोण जाणे.

पंगत उठल्यावर मांडवामागं आम्हाला वाढलं. गव्हाची खीर होती. बानं ती पुन्हा मागून घेतली आणि बुंदीचा लाडू माझ्या पानात टाकला. दगडू खाता खाता म्हणाला, "काका, मग झांज कुणी वाजवायची?"

"तुझे दात पडले की तू," बा म्हणाला. दगडूच आधी हसला.

आताशा कुठं बँड जाताना दिसला तर मी पुढच्या चकचकीत वाद्यांकडं बघत नाही. मागच्या रांगेत कुणी मोठं पितळ कवेत धरून चाललंय का ते शोधतो. बहुतेक वेळा कुणी नसतं. पण कधी असलं, तर त्याचा सा लागेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला उभा राहतो, बरोबरच्या माणसांना काही न सांगता.

बाळापूरहून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आलो. माय अंगणात सडा टाकत होती. तिनं काही विचारलं नाही. बा बडा बाजा घेऊन आत गेला. मी झांजांचं गाठोडं ओट्यावर ठेवलं. मायनं हात पुसले, गाठोडं उचललं आणि वरच्या गाठीकडं बघितलं. तिनं मारलेली गाठ होती तशीच होती. गाठोडं दोन्ही हातांत धरून ती क्षणभर उभी राहिली आणि मग ते माझ्याकडं परत देत म्हणाली, "जा, मास्तरला देऊन ये. घरात उगंच जागा अडवून राहिल्या."

मी चिंचेच्या रांगेखालून निघालो. पावलागणिक झांजा गाठोड्यात एकमेकींवर हळूच वाजत होत्या. त्या वाजू नयेत म्हणून मी त्यांना छातीशी घट्ट धरलं, कापडावरूनच मध्ये बोटं घालून बघितली; पण मास्तरांच्या दारापर्यंत त्या वाजतच राहिल्या.